तिसरा पट्टा

तपकिरी आणि लाल हे दोन वेगळे रंग आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. आपल्याला ते वेगळे दिसत नाहीत, हे मात्र भोरच्या आयटीआयमध्ये गेल्यावर कळलं. तोवर तसं कुणी विचारलंच नव्हतं. हिर्डोशीला आमच्या घरी रंग ओळखायचं काम पडायचं ते परसातल्या मिरच्या तोडताना. आई पिकलेल्या तेवढ्या आणायला सांगायची आणि मी कच्च्या-पक्क्या सगळ्या घेऊन यायचो. त्यावर धांदरट म्हणून बोलणी बसायची. मलाही वाटायचं, की आपण धांदरटच आहोत.

इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड मी हौसेनं घेतला नव्हता. वायरमनच्या जागा भरल्या होत्या, इथे उरल्या होत्या, म्हणून घेतला. हिर्डोशीहून सकाळी एक एसटी. ती चुकली की मोठ्या रस्त्यानं चालत सुटायचं आणि मागून येणाऱ्या टेम्पोला हात करायचा. त्यामुळे पहिल्या तासाला मी बहुतेक वेळा दमलेलाच असायचो. त्या तासाला सर रेझिस्टर शिकवायचे.

रेझिस्टर म्हणजे भाताच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा तुकडा, दोन्ही टोकांना तारेचा एकेक पाय. करंटची वाट अवघड करणं एवढंच त्याचं काम. किती अवघड, ते ओहममध्ये मोजायचं. पुस्तकात याला रोध म्हटलं होतं. एवढ्याशा तुकड्यावर आकडा लिहायचा कुठं, म्हणून त्याच्या अंगावर रंगाचे पट्टे काढलेले असतात. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, असं पांढऱ्यापर्यंत नऊ. पहिल्या दोन पट्ट्यांनी दोन आकडे कळतात. तिसरा पट्टा सांगतो, की त्यांच्यापुढं शून्यं किती. म्हणजे तिसरा पट्टा वाचायला चुकला, की उत्तर थोडंथोडकं चुकत नाही, दहापट नाहीतर शंभरपट चुकतं.

ही रंगांची ओळ मला वर्गात सगळ्यांच्या आधी पाठ झाली. उलटीसुद्धा म्हणून दाखवायचो. मग चाचणी झाली. सरांनी एका पुठ्ठ्यावर वीस रेझिस्टर टोचून ठेवले होते, प्रत्येकाची किंमत लिहायची होती. माझे अकरा चुकले.

सर निवृत्तीला आलेले होते. आवाज चढवणारे नव्हते. अभ्यास केला नाही असं समजून त्यांनी मला ओळ म्हणायला लावली. मी न अडखळता म्हटली. मग त्यांनी पुठ्ठ्यावरचा एक रेझिस्टर उपटून माझ्या हातात ठेवला आणि पहिला पट्टा कुठला, असं विचारलं. मी तपकिरी म्हणालो. तो हिरवा होता. बाकीच्यांना त्यांनी चहाला सोडलं. ड्रॉवरमधून वायरचे तीन तुकडे काढून टेबलावर ठेवले आणि यातली लाल उचल म्हणाले. मी मधली उचलली. ती लाल नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"हे काम तुला जड जाईल," सर म्हणाले. "सोडायचं असेल तर आत्ता सोड. राहायचं असेल तर अंदाज करायचा नाही. प्रत्येक गोष्ट मीटर लावून मोजायची. रोज, प्रत्येक."

घरी जाऊन काय सांगणार होतो? राहिलो.

बाकीची मुलं रंग बघायची आणि पुढं जायची. मी प्रत्येक रेझिस्टर मोजत बसायचो. सगळे घरी निघाले तरी माझं टेबल आवरलेलं नसायचं. पण त्या मोजण्यातून मला जे कळलं, ते पाठांतरातून कळलं नसतं. बोर्डावर बसलेला रेझिस्टर मोजला, की मीटरवर आकडा कमी यायचा. हजाराचा सहाशे दाखवायचा. मला वाटायचं, माल खराब आहे. सरांनी समजावलं, की मीटर बरोबरच सांगतोय. बोर्डावर त्या रेझिस्टरच्या बाजूनं करंटला दुसऱ्याही वाटा असतात. एका दारातून गर्दी बाहेर पडत असेल आणि शेजारचं दुसरं दार उघडलं, तर ते कितीही अरुंद असो, माणसं आधीपेक्षा लवकरच बाहेर पडणार. मीटरला दोन्ही दारं मिळून दिसतात. म्हणून एकट्याचं मोजायचं तर त्याचा एक पाय बोर्डावरून उचलून घ्यायचा आणि मग मोजायचं. पुढं आयुष्यभर मी एक पाय उचलूनच मोजत आलो. त्यात वेळ जातो. दुसरा कारागीर दहा मिनिटांत उठतो तिथे मला अर्धा तास लागतो.

आयटीआय झाल्यावर शिरवळकडच्या एका कारखान्यात बोलावणं आलं. लेखी झालं, तोंडी झालं. शेवटी डोळे तपासायला बसवलं आणि ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेलं पुस्तक पुढं केलं. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. पहिलं पान सोडलं, तर मला एकाही पानावर बरोबर आकडा दिसला नाही. घरी येऊन मी जागा भरल्या म्हणून सांगितलं. त्यानंतर भोरला स्टँडजवळ एक खोलीएवढी टपरी घेतली. रेडिओ, टीव्ही, टेप, मग मिक्सर, चार्जर, फवारणीचे पंप. मीटर हातात होता तोवर अडलं नाही.

लग्न झालं तेव्हाही मी सांगितलं नाही. बायको भोंगवलीकडची, सातवी शिकलेली. पहिल्या दिवाळीला मी तिला साडी आणली आणि दुकानदारानं सांगितलं तसं, डाळिंबी रंगाची आहे म्हणालो. तिनं साडी बघितली आणि घडी करून ठेवून दिली. पुढं केव्हातरी कळलं, की दुकानदारानं भलत्याच रंगाची साडी बांधून दिली होती. हा माणूस कशाकडं नीट बघतच नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. मीही ते खोडलं नाही. नीट न बघणारा म्हणवून घेणं त्या मानानं सोपं होतं.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. नाचणी काढणीला आली होती तेव्हाची गोष्ट. हिर्डोशीहून माझे चुलते झटका मशीन घेऊन टपरीवर आले. रानडुकरांपासून पीक राखायला शेताभोवती तार ओढतात आणि त्या तारेत हे मशीन सेकंदा-सेकंदाला एक झटका सोडतं. जनावर मरत नाही, दचकून माघारी फिरतं. चुलत्यांचं मशीन बंद पडलं होतं. उघडलं तर आत एक रेझिस्टर जळून कोळसा झालेला. तसलंच मशीन मी आधी एकदा दुरुस्त केलं होतं आणि त्याची किंमत वहीत लिहून ठेवली होती. चारशे सत्तर के, म्हणजे चार लाख सत्तर हजार ओहम. पट्टे पिवळा, जांभळा, पिवळा. दोन झटक्यांत किती वेळ जायचा, ते हाच रेझिस्टर ठरवतो.

नेमकी आदल्या दिवशी माझ्या मीटरची बॅटरी बसली होती. नवी आणायला पेठेत जावं लागलं असतं, आणि चुलत्यांची एसटी तासाभरात होती. ती गेली की त्यांना संध्याकाळपर्यंत बसावं लागणार आणि त्या रात्री शेत उघडं राहणार. खोक्यात चारशे सत्तरचा खण होता. पण आठवड्यापूर्वी ते खोकं माझ्याच हातून सांडलं होतं आणि मीच सगळे वेचून परत भरले होते. मी एक उचलला, उजेडात धरला. तिसरा पट्टा मला पिवळा वाटला. बसवला. मशीन चालू केलं, टक्क आवाज झाला, ठिणगी दिसली. दुसऱ्या आवाजाची वाट मी पाहिली नाही. पिशवीत घालून चुलत्यांना एसटीत बसवून दिलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. डुकरं आत शिरली होती.

रविवारी आम्ही दोघं गेलो. एसटी उतरल्यावर वरच्या शेतापर्यंत चढण आहे. बायको पुढं चालत होती, मी मीटर आणि खोकं घेऊन मागं. शेतावर पोचलो तेव्हा चुलते बांधावर बसले होते. अर्धी नाचणी आडवी झाली होती. कणसं चावून टाकलेली, माती नांगरल्यासारखी उकरलेली. मशीन चालू होतं. टक्क झालं. मी मनात मोजू लागलो. बारा म्हणेपर्यंत दुसरा टक्क आला नाही. तेवढ्या वेळात डुकरांचा कळप तारेखालून आरामात गेला असणार.

"म्या मशीनला हात लावला न्हाई," चुलते म्हणाले. "तू दिलंस तसंच जोडलं व्हतं."

त्यात रागाचा सूर नव्हता. आपल्याकडूनच काही चुकलं का, या काळजीत ते बोलत होते. ते मला फार लागलं.

मी तिथंच बांधावर मशीन उघडलं. वही काढून मोठ्यानं वाचलं, पिवळा, जांभळा, पिवळा, आणि बोटानं एकेक पट्टा दाखवत गेलो. सगळं बरोबर होतं. बायको शेजारी डबा मांडीवर घेऊन बसली होती. ती वाकून म्हणाली, "शेवटचा पिवळा न्हाई. हिरवा हाय त्यो."

मी पिवळाच आहे म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बांधावरच्या गवताचं एक पातं खुडून रेझिस्टरला लावून धरलं.

"अवो, हिरवा हाय. ह्या पात्यासारखा. दिसत न्हाई व्हय तुमाला?"

मी बघितलं. पात्याचा रंग आणि पट्ट्याचा रंग सारखा होता हे खरं. पण दोन्ही मला पिवळेच दिसत होते. मीटरला नवी बॅटरी होती. एक पाय उचलायलाही धीर धरवला नाही, तसाच लावला, मग अवजार काढून पाय तोडला आणि पुन्हा लावला. सत्तेचाळीस लाख ओहम. दहापट.

मग मी दोघांना सांगून टाकलं. आयटीआयमधले सर सोडून पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. चुलत्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग इतकी वर्षं काम कसं केलंस. मी म्हणालो, मोजून. चुलत्यांच्या घरी जाऊन मी बरोबर रेझिस्टर बसवला, तो बायकोनं निवडून दिला होता. उरलेली निम्मी नाचणी वाचली. काढणीला मी चार दिवस टपरी बंद ठेवून गेलो. चुलत्यांनी त्या नुकसानीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. पुढच्या वर्षापासून मात्र ते मशीन घेऊन आले, की माझ्याकडे न देता तिच्याकडे द्यायचे.

परतताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. धरणाचं पाणी संपून गाडी वळणाला लागली. मग म्हणाली, "मला सांगायला काय झालं हुतं?"

भीती होती म्हणावं, तर कशाची, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारचं काम उरकून टपरीवर यायला लागली. पहिला आठवडा तिनं नुसतं खोकं लावण्यात घालवला. औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्या जमवल्या, प्रत्येकीवर कागद चिकटवून आकडा लिहिला. रंगांची ओळ तिनं दोन दिवसांत पाठ केली. पण तिला एक गोष्ट पटत नव्हती. एवढी वायर ओढायची, एवढी वीज आणायची, आणि मग तिलाच अडवणारी वस्तू मुद्दाम कशाला बसवायची? मी पुस्तकातलं सांगितलं, ते तिच्या गळी उतरलं नाही. मग एक लाल एलईडी, म्हणजे मला सांगितलेला लाल, घेतला आणि चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटरीला सरळ जोडला. झक्कन उजेड पडला आणि दिवा गेला तो गेलाच. दुसरा घेतला, मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घातला. तो मंद पेटला आणि संध्याकाळी टपरी बंद करेपर्यंत पेटत राहिला. ती काम करता करता मधूनमधून त्याच्याकडे बघायची. निघताना म्हणाली, "एवढा एवढा जीव हाय त्या दिव्याचा. सगळं एकदम त्याच्यावर सोडून कसं चालंल?"

मी सरांच्या हाताखाली दोन वर्षं शिकलो होतो, पण इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं. नंतर कुणी गिऱ्हाईक विचारायचं, की या बारक्या तुकड्यासाठी एवढा वेळ का, तेव्हा तीच समजावून सांगायची.

दहा-बारा वर्षं असं चाललं. ती पट्टे वाचायची, मी मोजायचो. तिचं सांगणं आणि माझा मीटर जुळला, की पुढचा रेझिस्टर. वेल्ह्याच्या बाजूनं, किकवीहून लोक यायचे. या कामात बोलायला फारसं काही नसतं. पिवळा, जांभळा, लाल. चार हजार सातशे. बरोबर. दिवसभरात एवढंच बोलणं झालेले कितीतरी दिवस आहेत आणि ते दिवस वाईट नव्हते.

आता काम कमी झालंय आणि तरीही दमायला जास्त होतं. माणसं दुरुस्तीला आणण्यापेक्षा नवीन घेतात. येतात ते बल्ब आणि चार्जर. त्यांच्या बोर्डावरचे रेझिस्टर मोहरीएवढे, चपटे, काळे. त्यांना पट्टे नाहीत, वर चक्क आकडे छापलेले असतात. चारशे बहात्तर लिहिलं असेल तर सत्तेचाळीसवर दोन शून्यं. वीस वर्षांपूर्वी असे आले असते तर मी आनंदानं नाचलो असतो. आता ते वाचायला भिंग लागतं, भिंगाखाली हात कापतो, आणि मान अशी धरते, की रात्री कुशीवर वळता येत नाही.

गेल्या वर्षी तिचं सांगणं आणि माझा मीटर जुळेनासा झाला. ती काळा म्हणायची, मीटर निळा सांगायचा. जांभळ्याला तपकिरी म्हणायला लागली. आधी मला मीटरच बिघडला असं वाटलं. दुसरा आणून बघितला. तोही तेच सांगत होता. त्या दिवशी तिनंच हातातला रेझिस्टर खाली ठेवला. दिवाळीपासून सगळं धुरकट दिसतंय, म्हणाली. तिला साखर आहे, मोतीबिंदू लवकर आला होता. तोवर सात-आठ महिने झाले होते.

"सांगितलं असतं तर तुमचं काम थांबलं असतं," ती म्हणाली.

मीही वर्षानुवर्षं हेच केलं होतं. दोघंही आपापलं अंधूक घेऊन एका टेबलाशी बसलो होतो आणि एकमेकांच्या भरवशावर होतो. त्या संध्याकाळी टपरी लवकर बंद केली.

ऑपरेशन पुण्याला झालं. आधी साखर खाली यावी म्हणून दोनदा तारीख पुढं गेली. भोर ते पुणे, पुणे ते भोर, प्रत्येक वेळी अख्खा दिवस जायचा. ती बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची आणि मी पिशवीतले कागद पुन्हा पुन्हा तपासायचो. शेवटी एका डोळ्याचं झालं. पट्टी काढल्यावर तिनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा सदरा निळा आहे, म्हणाली. इतके दिवस ती तो काळा समजून धूत होती.

तिथल्या डॉक्टरांनी माझेही डोळे बघितले. उजव्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. वर्षभरात काढावा लागेल. ते कागदावर लिहीत असताना मी विचारलं, की तो काढल्यावर मला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसतील का. पन्नाशीला आलेल्या माणसानं विचारण्यासारखा तो प्रश्न नव्हता. पण तिनं सदऱ्याचा रंग सांगितल्यापासून तो डोक्यात बसला होता. डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. नाही, म्हणाले. ते जन्मापासूनचं असतं, ते तसंच राहतं. मी मान डोलावली. मला ठाऊकच होतं. तरी बाहेर आल्यावर बाकावर जरा टेकावंसं वाटलं. ती शेजारी बसली. तिनं ऐकलंच होतं.

दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून मिळायची आहे. तोवर ती एका डोळ्यानं पट्टे वाचते आणि चष्म्याची एक काच झाकून घेते. डॉक्टरांनी बारीक काम कमी करायला सांगितलंय, म्हणून मी दिवसाला दोन-तीनच बोर्ड घेतो. बाकीच्या लोकांना आठवड्यानं या म्हणून सांगतो. काही परत येतात, काही येत नाहीत. काल एक बाई किकवीहून मिक्सर घेऊन आल्या होत्या. एवढ्या उन्हात दुचाकीवरून आल्या होत्या, त्यांना माघारी पाठवणं जिवावर आलं. बायकोनं त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि मिक्सर माझ्यापुढं सरकवला. मी मागचे स्क्रू सोडवायला घेतले.